रिकामी जागा आणि नसलेली जागा

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं प्रोग्रॅममधल्या माहितीच्या रूपांतराच्या इतिहासावर कशाला बोलायचं? उत्तर थोडं खाजगी आहे, पण सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सव्वाचार महिने मयत होतो.

(हशा)

हसा, आता आम्हीही हसतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला नेहमीप्रमाणे दिला, आणि डिसेंबरात निवृत्तिवेतन जमा झालं नाही. जानेवारीत चौकशीला गेलो. खिडकीपलीकडच्या मुलानं पडद्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं, आणि फार संकोचून म्हणाला, "सर, तुम्ही सिस्टीमला मयत दिसताय." रांगेत आमच्या मागे एक आजी होत्या. त्यांचंही तेच झालं होतं. आम्हाला मुलाचा आधार होता, चार महिने निघाले. त्यांचं सगळं घर त्या कुटुंब निवृत्तिवेतनावर चालत होतं. त्यांनी त्या चार महिन्यांत काय केलं ते आम्ही विचारलं नाही. हातातल्या पाटल्या पुढच्या वेळी दिसल्या नाहीत, एवढं लक्षात आलं.

घोळ कसा झाला तो आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं समजावून सांगितला. तो हल्ली सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक निवृत्ताची माहिती जोड्यांच्या यादीच्या रूपात होती. नाव, आणि त्यापुढं नाव. जन्मदिनांक, आणि त्यापुढं तारीख. काही जणांच्या यादीत 'मृत्यूदिनांक' ही जोडीच नव्हती. आमच्यासारख्या काहींच्या यादीत ती होती, पण तिच्यापुढची जागा कोरी होती. नवी व्यवस्था आली तेव्हा या याद्या नव्या साच्यात ओतायच्या होत्या. ओतणाऱ्या प्रोग्रॅमनं एकच प्रश्न विचारला: यादीत 'मृत्यूदिनांक' आहे का? आमच्या यादीत होता. झालं!

कोणी वाईट हेतूनं केलं नाही. कदाचित एका ओळीचा कोड असेल. पण ती ओळ ज्या चुकीतून आली, ती चूक प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात साठएक वर्षं पुनःपुन्हा होते आहे, आणि आमच्या दर्शनांत तिच्यावर त्याहून कितीतरी जुना वाद आहे. म्हणून हे व्याख्यान.

आधी शब्दांचा बंदोबस्त करू. प्रोग्रामर या जोड्यांच्या यादीला 'मॅप' म्हणतात. इथे मॅप म्हणजे नकाशा नव्हे. गणितात एका संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्यातला एक घटक नेमून देणं, त्या अर्थानं हा शब्द आला. रिचर्ड डेडेकिंडनं १८८८च्या संख्यांवरच्या पुस्तिकेत ही कल्पना पायाशी ठेवली. जोडीतल्या पहिल्या भागाला इंग्रजीत 'की' म्हणतात. मराठीत बोलताना त्याचा आपल्या 'की' या अव्ययाशी घोटाळा होतो, म्हणून आपण किल्ली म्हणू. दुसऱ्या भागाला 'मूल्य' म्हणतात, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला मूल्य म्हटलं की नीतिशास्त्र आठवतं. शाळेत आपण 'क्ष ची किंमत काढा' म्हणायचो, तोच शब्द घेऊ. किल्ली आणि किंमत.

देवळाबाहेरचा चप्पल-स्टँड डोळ्यांपुढं आणा. टोकन क्रमांक ही किल्ली, खणातल्या चपला ही किंमत. समजा खण दोनशे आहेत. सत्तावन्न क्रमांकाचा खण रिकामा असू शकतो. नऊशे क्रमांकाचा खण मात्र रिकामा नाही, तो नाहीच. दोन्ही वेळा हाती चपला येत नाहीत. पण पहिल्या वेळी चोरीची तक्रार करता येईल, दुसऱ्या वेळी टोकन कुठून आणलं ते तुम्हालाच विचारतील.

यंत्रात हा स्टँड उभा करायची युक्ती हान्स पीटर लून यांची. आयबीएममध्ये असताना जानेवारी १९५३मध्ये त्यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. माहिती ओळीनं शोधत बसण्याऐवजी किल्लीवरच थोडी आकडेमोड करायची, आणि जे उत्तर येईल त्या खणात ती ठेवायची. शोधतानाही तीच आकडेमोड, थेट तोच खण. आज याला हॅशिंग म्हणतात. तुमच्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांशी जुळतो का हे तपासण्याची रीतही याच गृहस्थांची, बरं का. कापडउद्योगातून आलेला हा माणूस संगणकाच्या इतिहासात फार कमी आठवला जातो.

पण सापडलं नाही तर काय परत द्यायचं, हा प्रश्न युक्तीनं सुटत नव्हता. इथे निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी उत्तरं दिली. ही उत्तरं वाचताना आम्हाला दर्शनग्रंथ वाचल्यासारखं वाटलं.

जॉन मॅकार्थी यांनी १९६०मध्ये लिस्पवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात जोड्यांची यादी आहेच. पुढे रुळलेल्या लिस्पमध्ये यादीत शोधलं की नुसती किंमत मिळत नाही, अख्खी जोडी मिळते. जोडी मिळाली आणि तिची किंमत 'काही नाही' असली, तर खण आहे पण रिकामा. जोडीच मिळाली नाही, तर खण नाही. किती साधी आणि प्रामाणिक व्यवस्था!

उलट टोकाला ऑक. १९७७मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी ही भाषा केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे तिचं नाव. तिच्यात एखाद्या किल्लीची किंमत नुसती विचारली, तरी ती किल्ली तयार होते, कोऱ्या किमतीसह. म्हणजे "नऊशे नंबरचा खण दाखवा" म्हणताच स्टँडवाला मागे जाऊन सुताराला बोलावतो. विचारणं म्हणजेच निर्माण करणं. आमच्या वर्गात हे उदाहरण विज्ञानवादी बौद्धांना फार आवडलं असतं.

जावाची गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण जगभरच्या कचेऱ्यांचा कारभार तिच्यावर चालतो. तिच्या १९९६च्या पहिल्या आवृत्तीत हॅशटेबल होतं. त्यात 'नल', म्हणजे काही नाही, ही किंमत ठेवायला मनाईच होती. पेच आपोआप टळला. १९९८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत हॅशमॅप आला आणि ती मनाई उठली. त्यामुळं किंमत मागितली आणि 'नल' आलं, तर खण रिकामा आहे की खण नाही हे कळत नाही. ते कळावं म्हणून किल्ली आहे का, असं विचारायची वेगळी सोय ठेवली. आमच्याबाबत विचारला गेला तो हाच दुसरा प्रश्न, पहिला न विचारता.

इथवर मॅपचं झालं. आता ज्या साच्यात तो ओततात तो साचा.

टोनी होर यांनी १९६५मध्ये 'नोंद' या कल्पनेवर लिहिलं. नोंदीत कोणते रकाने असतील हे आधीच ठरलेलं असायचं, आणि प्रत्येक रकान्यात कोणत्या जातीची गोष्ट बसेल तेही. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी होरांच्या या विचाराचा आधार घेतला, आणि सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. क्लास हा छापील अर्ज, आणि ऑब्जेक्ट ही भरलेली प्रत. छापील अर्जाचा गुण असा, की त्यात 'मृत्यूदिनांक' हा रकाना एकदा छापला की तो सगळ्यांच्या प्रतीत असणारच. अर्जात रकाना नसणं ही गोष्टच शक्य नाही. फक्त कोरा असू शकतो.

आता पेच लक्षात येईल. मॅपमध्ये तीन अवस्था आहेत: किल्ली नाही, किल्ली आहे पण किंमत कोरी, किल्ली आहे आणि किंमतही आहे. ऑब्जेक्टमध्ये दोनच. तीन गोष्टी दोन खणांत बसवायच्या तर कोणत्या तरी दोन एक होणार. कोणत्या, हे मॅप सांगत नाही आणि साचाही सांगत नाही. ते रूपांतर लिहिणारा ठरवतो, बहुधा नकळत, बहुधा संध्याकाळी घरी जायच्या घाईत.

कोऱ्या रकान्यासाठी 'नल' ही सोयही होर यांचीच. ती १९६५मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेच्या कामात आली. २००९मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी जाहीरपणे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. अंमलात आणायला इतकी सोपी होती की मोह आवरला नाही, असं त्यांचं सांगणं होतं. एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हणावं, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. आमच्या क्षेत्रात चूक कबूल करणाऱ्यांची संख्या मोजायला एका हाताची बोटं जास्त होतील.

आता थोडं घरचं. प्रशस्तपादांनी वैशेषिक पदार्थ सहा सांगितले. पुढे शिवादित्याच्या 'सप्तपदार्थी'त सातवा पदार्थ स्पष्ट येतो: अभाव. नसणं हाही एक पदार्थ. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण नैयायिकांचा मुद्दा सरळ आहे. 'जमिनीवर घडा नाही' हे ज्ञान खरं किंवा खोटं असू शकतं, तर त्याला काहीतरी विषय हवा. आणि प्रत्येक अभाव कशाचा तरी आणि कुठेतरी असतो. नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. काय नाही आणि कुठे नाही, दोन्ही सांगावं लागतं. जोड्यांच्या यादीत किल्ली नसणं आणि किल्लीपुढं किंमत नसणं हे दोन वेगळे अभाव आहेत, कारण दोन्हींत 'काय' आणि 'कुठे' वेगळं आहे.

मग त्यांनी अभावाचे प्रकार केले. वस्तू होण्याआधी ती नसणं हा प्रागभाव. होऊन नष्ट झाल्यावर नसणं हा प्रध्वंसाभाव. जिथे ती तिन्ही काळांत नाही तिथला अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. या हिशेबानं बंद केलेल्या फोनचा क्रमांक नसणं हा प्रध्वंस. आणि आमच्या नोंदीत 'मृत्यूदिनांक' कोरा होता तो शुद्ध प्रागभाव. तो अनादी आहे, पण त्याला अंत आहे. त्या कार्यालयानं तो थोडा लवकर संपवला.

(हशा)

यातला सर्वांत उपयोगी विचार मात्र मीमांसकांचा आहे. कुमारिल भट्टांच्या मते अभाव कळतो तो अनुपलब्धीनं, म्हणजे न सापडण्यानं. पण कोणतंही न सापडणं चालत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं ठरत नाही. असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. त्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आमचा विद्यार्थी हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "सर, हे आमच्या कोड रिव्ह्यूत कोणीच विचारत नाही." यादीत किल्ली नाही यावरून काही ठरवायचं असेल, तर आधी ठाऊक हवं की ही यादी भरणाऱ्यानं ती किल्ली भरायलाच हवी होती. जुन्या यादीतली माहिती कोणी भरली, कोणत्या फॉर्मवरून भरली, तेव्हा तो रकाना होता का? हे प्रश्न यंत्राच्या बाहेरचे आहेत.

एडगर कॉड यांना हे कळलं होतं. १९७०मध्ये त्यांनी संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली, ज्यावर आजच्या बँका उभ्या आहेत. पुढं १९८६मध्ये त्यांनी सुचवलं की एकाच नलवर भागवू नका, दोन खुणा ठेवा: एक, माहिती लागू आहे पण मिळालेली नाही, दुसरी, माहिती लागूच नाही. अविवाहिताच्या जोडीदाराचं नाव आणि विसरलेलं जोडीदाराचं नाव यांत फरक करा, एवढंच. प्रचारातल्या डेटाबेसनी ते घेतलं नाही. एकच नल सगळीकडं राहिला.

गेल्या वीसएक वर्षांत मॅपमधून ऑब्जेक्टमध्ये आणि परत, ही ये-जा प्रचंड वाढली, ती जेसनमुळं. २००१च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड यांनी जावास्क्रिप्ट भाषेतलाच एक तुकडा माहिती पाठवण्यासाठी वापरायला घेतला. आपण तो शोधून काढला नाही, आपल्याला तो सापडला, असं ते म्हणतात. जेसनमध्ये किंमत सहाच प्रकारची असते: मजकूर, संख्या, खरं-खोटं, नल, यादी, आणि पुन्हा किल्ली-किमतीचा मॅप. तारीख नाही! जन्म, मृत्यू, रुजू झाल्याचा दिवस, सगळं मजकूर म्हणून जातं आणि पलीकडच्यानं ओळखायचं असतं की ही तारीख आहे. तीन-चार म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हेही त्यानंच.

संख्येचंही तसंच. ट्विटरनं २०१०मध्ये संदेशांचे क्रमांक मोठे केले, तेव्हा जावास्क्रिप्टला ते पेलेनात. दोनच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडं तिच्यात पूर्ण संख्या अचूक राहण्याची हमी नाही. शेवटचे अंक बदलले तर वेगळाच संदेश. म्हणून त्यांनी तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली.

ओळखण्याच्या या खटाटोपात यंत्र फार आत्मविश्वासानं चुकतं. जनुकांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये टाकल्या की 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक मार्च ही तारीख व्हायची. शोधनिबंधांच्या जोडपत्रांत अशा चुका वर्षानुवर्षं साचल्या. शेवटी २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि जनुकाचंच नाव 'मार्चएफ१' केल्याचं जाहीर केलं. साधनाला शहाणं करता येईना, म्हणून वस्तूचं बारसं पुन्हा केलं. आमच्याकडं सरकारी फॉर्मला आडनाव लागतं म्हणून गावाच्या नावापुढं 'कर' लावून घेतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांना यात नवल वाटणार नाही.

गो नावाच्या भाषेचा एक विशेष सांगण्याजोगा आहे. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१२ची. तिच्या मॅपमधून किंमत मागताना सोबत दुसरं उत्तरही मागता येतं: किल्ली होती की नव्हती. लिस्पचा प्रामाणिकपणा परत आला म्हणा. पण त्याच भाषेत जेसन साच्यात ओतताना जी किल्ली आलीच नाही, तिच्या जागी रकान्यात शून्य राहतं किंवा कोरा मजकूर राहतो. शिल्लक शून्य आहे आणि शिल्लक कळवलेली नाही, दोन्ही एकसारखे दिसतात. एका घरात दोन स्वभाव.

तीन अवस्थांची खरी गरज कुठं पडते, तर दुरुस्ती पाठवताना. समजा तुमचा पत्ता बदलला आणि फोन होता तसाच आहे. तुम्ही फक्त पत्त्याची जोडी पाठवता. फोनची किल्ली नाही, याचा अर्थ 'हात लावू नका'. फोन काढून टाकायचा असेल तर किल्ली पाठवून किंमत नल द्यायची. २०१४च्या आरएफसी ७३९६ या दस्तऐवजात हा नियम लिहून ठेवला आहे. आता मध्येच एखाद्यानं ही दुरुस्ती ऑब्जेक्टमध्ये ओतून पुन्हा मॅप केला, तर सगळ्या न पाठवलेल्या किल्ल्या नल होऊन निघतात. तुम्ही पत्ता बदललात, आणि तुमचा फोन, ईमेल, वारस, सगळं पुसलं गेलं. नियम बरोबर, साचा बरोबर, मधला प्रवास घातकी.

उलट दिशेचा एक पेच थोडक्यात. ऑब्जेक्टच्या यादीतून मॅप करताना दोघांची किल्ली एकच निघाली तर? नाव आणि जन्मदिनांक ही किल्ली धरली, तर आपल्याकडं एक जूनला जन्मलेले एकाच नावाचे दोघे सहज सापडतात; शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. पायथनमध्ये असा मॅप केला तर मागून आलेला राहतो, आधीचा गुपचूप जातो. जावाच्या २०१४च्या आठव्या आवृत्तीतली त्यासाठीची सोय मात्र हटून बसते: दोघांचं काय करायचं ते आधी सांगा, नाहीतर काम थांबवते. आम्हाला थांबणारं यंत्र आवडतं. माणूस गुपचूप नाहीसा होण्यापेक्षा कोणाच्या तरी टेबलावर आरडाओरडा झालेला बरा.

होर यांच्या चुकीवरचा उतारा तसा जुना आहे. एडिंबरोत रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेच्या घराण्यात आणि १९९०च्या हॅस्केलमध्ये 'असेल किंवा नसेल' ही स्वतंत्र जात आहे. अशी किंमत हाती आली की दोन्ही शक्यतांचं काय करायचं हे लिहून द्यावं लागतं. ही जात दुहेरी लावली की आपल्या तिन्ही अवस्था वेगळ्या राहतात: किल्ली नाही, आहे पण कोरी, आहे आणि भरलेली. रस्टसारख्या नव्या भाषांनी हे घेतलं आहे. हे सगळं रसेलच्या १९०८च्या जातिसिद्धान्ताचं नातवंड आहे. त्या वंशावळीवर बोलायला एक वेगळी संध्याकाळ लागेल. रसेलला विरोधाभास टाळायचा होता. निवृत्तिवेतनाचा त्यानं विचार केला नसावा.

पण ती जातसुद्धा कोरं म्हणजे काय ते सांगत नाही. ती फक्त विचारायला भाग पाडते. उत्तर द्यायला जुनी यादी भरणाऱ्या कारकुनाला शोधावं लागतं, आणि तो बहुधा निवृत्त झालेला असतो.

आमचं प्रकरण एप्रिलमध्ये निकालात निघालं. थकबाकी आली, त्या आजींचीही आली, असं त्यांच्या नातवानं सांगितलं. दुरुस्ती नक्की काय केली याची आम्हाला उत्सुकता होती, म्हणून त्याच खिडकीवर जाऊन विचारलं. मुलानं पडदा आमच्याकडं वळवला. 'मृत्यूदिनांक' आता कोरा ठेवायचा नाही असं ठरलं आहे म्हणाला, म्हणून हयात असलेल्या सगळ्यांना एकच तारीख टाकली आहे. आम्ही चष्मा लावून वाचली: ३१/१२/९९९९.

आता कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ. त्या तारखेपर्यंत वेळ आहे.